उड्डाण सिम्युलेटरमधील विमान ताफे व हवाई मार्ग

घरगुती संगणकावरील उड्डाण सिम्युलेटरांमध्ये प्रत्यक्ष विमान कंपन्यांचे ताफे, त्यांची रंगसंगती, वेळापत्रके व हवाई मार्ग यांचे चित्रण केलेले असते. विमानाचे उड्डाणवर्तन, धावपट्ट्यांची लांबी व दिशा आणि दिशादर्शक यंत्रणा या बाबतींत आधुनिक सिम्युलेटर वास्तवाच्या पुष्कळ जवळ पोहोचले आहेत. कोणती कंपनी कोणत्या विमानाने कुठून कुठे जाते, ही माहिती मात्र त्यांत लवकर शिळी होते. भारतात कंपन्या बंद पडणे, विलीन होणे आणि विमाने जमिनीवर खिळून राहणे हे प्रकार वारंवार घडल्याने ही तफावत विशेष ठळक दिसते. पुणे, मुंबई व नवी मुंबई ही विमानतळे तिची बोलकी उदाहरणे आहेत.

पार्श्वभूमी

वैमानिकांना जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारे पहिले यशस्वी यंत्र एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत तयार केले. घरगुती संगणकावर हा अनुभव आणण्याचे श्रेय ब्रूस आर्टविक यांना दिले जाते. त्यांचा पहिला सिम्युलेटर १९७९ मध्ये आला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची आवृत्ती स्वतःच्या नावाने बाजारात आणली. या मालिकेतील उड्डाण अनेक वर्षे शिकागोच्या मेग्ज फील्ड या विमानतळावरून सुरू होत असे. प्रत्यक्षातला मेग्ज फील्ड मार्च २००३ मध्ये बंद झाला, तरी ज्यांच्याकडे जुन्या आवृत्त्या होत्या त्यांच्या पडद्यावर तो चालूच राहिला.

आकाशात इतर विमानेही दिसावीत म्हणून पुढील आवृत्त्यांत 'ऑर्बिट', 'पॅसिफिका', 'वर्ल्ड ट्रॅव्हल' अशा काल्पनिक कंपन्या घालण्यात आल्या. त्यामुळे मुंबईच्या धावपट्टीवर एअर इंडियाऐवजी कधीही अस्तित्वात नसलेल्या कंपनीचे विमान उतरताना दिसे. ही उणीव हौशी कार्यकर्त्यांनी भरून काढली. त्यांनी खऱ्या कंपन्यांचे रंग काढले, वेळापत्रके उतरवून घेतली आणि आठवड्याच्या चक्राने पुन्हा पुन्हा चालणारे वाहतूक संच तयार करून विनामूल्य वाटले. या संचांची अचूकता ते ज्या हंगामात तयार झाले त्या हंगामापुरतीच असे.

माहितीचे स्रोत

दिशादर्शनाची माहिती, म्हणजे मार्गबिंदू, हवाई मार्ग व उतरण्याच्या पद्धती, जगभर दर २८ दिवसांनी अद्ययावत होते. वर्गणी भरणाऱ्या सिम्युलेटर वापरकर्त्यालाही ती मिळते. विमान कंपन्यांची वेळापत्रके मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे वर्षातून दोनदा, पूर्णपणे बदलतात आणि मधल्या काळातही त्यांत फेरफार होत राहतात. ताफ्याच्या माहितीला असा कोणताही ठरावीक कालावधी नसतो.

१८ ऑगस्ट २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने थेट वाहतुकीचा पर्याय सर्वसामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचवला. आकाशातील विमाने आपले स्थान व उंची रेडिओ संदेशांद्वारे सतत प्रसारित करत असतात. ते संदेश गोळा करणाऱ्या सेवेची माहिती घेऊन सिम्युलेटर त्याच ठिकाणी विमान दाखवतो. त्यासाठी कंपनी व विमानाचा प्रकार ओळखून साठ्यातील योग्य प्रतिकृती निवडावी लागते. ती साठ्यात नसेल तर जवळची दुसरी, कधी अगदीच विजोड, प्रतिकृती वापरली जाते. स्थान अचूक असूनही विमान चुकीचे दिसण्याचे हे मुख्य कारण आहे.

ताफ्याचे चित्रण

कागदावरचा ताफा आणि उडणारा ताफा यांत मोठा फरक असू शकतो. गो फर्स्ट या कंपनीने मे २०२३ मध्ये उड्डाणे थांबवली, तेव्हा इंजिनांच्या अडचणीमुळे तिची जवळपास निम्मी विमाने आधीपासूनच उभी होती. नोंदणीच्या यादीवरून बनवलेल्या संचात ती सर्व विमाने उडत राहिली. किंगफिशर (२०१२) व जेट एअरवेज (१७ एप्रिल २०१९) या कंपन्या बंद पडल्यानंतरही त्यांची विमाने जुन्या संचांत वर्षानुवर्षे वेळेवर सुटत असत. प्रत्यक्षात त्यांना इतका वक्तशीरपणा क्वचितच साधला होता.

विलीनीकरणामुळे होणारा गोंधळ अधिक गुंतागुंतीचा असतो. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. तिच्या उड्डाणांना एअर इंडियाचे, २ या अंकाने सुरू होणारे चार अंकी क्रमांक मिळाले, परंतु विमानांवरील जांभळा रंग एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. उड्डाण क्रमांकावरून प्रतिकृती निवडणारा सिम्युलेटर अशा वेळी एअर इंडियाच्या रंगातील विमान दाखवतो, तर जुन्या वेळापत्रकावर चालणारा सिम्युलेटर विस्तारा नावाची कंपनीच जिवंत ठेवतो. विमानतळावर उभ्या असलेल्या प्रवाशाला यांपैकी काहीच पूर्णपणे दिसत नव्हते. एअर इंडियाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे रंग जाहीर केल्यामुळे तिच्या स्वतःच्या विमानांतही जुने व नवे असे दोन्ही रंग एकाच वेळी वापरात राहिले.

भाड्याच्या विमानांचा प्रश्न याहून वेगळा आहे. इंडिगोची ओळख एअरबस ए३२० कुळातील विमानांची कंपनी अशी आहे. तरीही २०२३ पासून तिने इस्तंबूलसाठी टर्किश एअरलाइन्सकडून बोईंग ७७७ विमाने घेतली आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर व ॲम्स्टरडॅमला नॉर्स अटलांटिककडून घेतलेली बोईंग ७८७ विमाने सोडली. या विमानांची नोंदणी भारतात नसल्याने भारतीय नोंदणीवर विसंबून तयार केलेल्या संचात ती आढळत नाहीत.

मार्ग व हवाई हद्द

सिम्युलेटरचा मार्ग-नियोजक दोन विमानतळांमधील सर्वांत जवळची रेषा काढतो व तिच्याभोवतीचे हवाई मार्ग जोडतो. दिल्लीहून युरोपकडे जाणारी अशी रेषा पाकिस्तानवरून जाते. मात्र २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानची हवाई हद्द बंद करण्यात आली. ही बंदी मार्गावर नसून कंपनीवर आहे. एकाच दिवशी दिल्लीहून निघालेले युरोपीय कंपनीचे विमान जुन्या मार्गाने जाऊ शकते, तर एअर इंडियाच्या विमानाला दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो. हवाई मार्गांच्या २८ दिवसांच्या अद्ययावत माहितीत तो मार्ग अस्तित्वातच असतो, त्यामुळे सिम्युलेटरला हा भेद कळत नाही.

अशा वळशाचा परिणाम इंधन, वजन आणि अखेरीस मार्गाच्या अस्तित्वावर होतो. एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. बोईंग ७८७ विमानांच्या नूतनीकरणामुळे कमी पडलेला ताफा आणि ही हवाई हद्दबंदी अशी दोन कारणे तिने दिली. सिम्युलेटरमध्ये हे उड्डाण आजही सहज करता येते.

देशांतर्गत लहान मार्गांची स्थिती याहून अस्थिर आहे. 'उडान' योजनेतील मार्गांना मिळणारे अर्थसाहाय्य साधारणपणे तीन वर्षांसाठी असते. त्यामुळे नाशिक, जळगाव, सिंधुदुर्ग यांसारख्या विमानतळांवरील सेवा सुरू होतात, खंडित होतात आणि कधी दुसऱ्याच कंपनीकडून पुन्हा सुरू होतात.

पुणे विमानतळ

पुण्याचे लोहगाव विमानतळ हे भारतीय हवाई दलाचा तळ असून नागरी विमाने त्याचीच धावपट्टी वापरतात. धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर लांब आहे आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटर उंचीवर आहे. हे आकडे बहुतेक सर्व सिम्युलेटरांत बरोबर असतात. त्यांचा परिणामही बरोबर दिसतो. उंची व उन्हाळ्यातील उष्ण हवा यांमुळे भरलेल्या मोठ्या विमानाला ही धावपट्टी अपुरी पडते, हे वापरकर्त्याला स्वतः अनुभवता येते. लुफ्थांसाची पुणे–फ्रँकफर्ट सेवा प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीच्या लहान विमानाने का चालवली जात होती, याचे उत्तर कोणत्याही ताफा-संचापेक्षा या सरावातून चांगले मिळते. ताफा-संचात ही सेवा बहुधा लुफ्थांसाच्याच एखाद्या मोठ्या विमानाच्या नावावर दाखवलेली असे.

लष्करी वाहतुकीचे चित्र याच्या उलट आहे. लढाऊ विमानांच्या सरावासाठी राखून ठेवलेला वेळ नागरी वेळापत्रकाला आकार देतो. तथापि ही विमाने थेट वाहतुकीच्या माहितीत दिसत नाहीत व हौशी संचांतही त्यांना वेळापत्रक नसते. परिणामी सिम्युलेटरमधील लोहगाव प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोकळे भासते. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी येथील सर्व नागरी उड्डाणे बंद होती, मात्र वेळापत्रकावर चालणाऱ्या सिम्युलेटरांत त्या चौदा दिवसांतही विमाने येत-जात राहिली. जुलै २०२४ मध्ये वापरात आलेले नवे टर्मिनलही अनेक संचांत उशिराच पोहोचले.

मार्गाखालील भूप्रदेश

लोहगावची धावपट्टी जवळपास पूर्व–पश्चिम आहे. पावसाळ्यात पश्चिमेकडून वारा वाहत असताना विमाने पूर्वेकडून येऊन उतरतात. धावपट्टीची रेषा पूर्वेकडे वाढवल्यास ती शिरूर व दौंड तालुक्यांच्या परिसरातून, घोड नदीकाठच्या इनामगावाच्या थोड्या दक्षिणेकडून जाते. इनामगाव लोहगावपासून सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. नेहमीच्या उताराने येणारे विमान येथे धावपट्टीपेक्षा साधारण दहा हजार फूट उंचीवर असते, आणि घोड व भीमा यांची वळणे ही त्याच्या वैमानिकासाठी चांगली खूण ठरते.

जुन्या सिम्युलेटरांत या भागावर जगभर सारखीच वापरली जाणारी शेतांची ठोकळेबाज चित्रे पसरलेली असत आणि नद्यांचे प्रवाह अंदाजाने काढलेले असत. २०२० नंतर उपग्रह छायाचित्रे वापरात आल्याने घोडकाठची उसाची शेते, बंधारे व वस्त्या आपापल्या जागी दिसू लागल्या. परंतु छायाचित्र एकाच ऋतूतले असते. ते उन्हाळ्यात घेतलेले असेल तर श्रावणातही शिरूर-दौंडचे माळ करडेच राहतात. ज्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीमुळे इनामगाव प्रसिद्ध आहे आणि जिचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले, ती मात्र आकाशातून सिम्युलेटरमध्ये ओळखता येत नाही. अर्थात प्रत्यक्ष विमानातूनही ती ओळखणे अवघडच आहे.

जमिनीच्या उंचीबाबतची चूक अधिक महत्त्वाची ठरते. अनेक सिम्युलेटरांची उंची-माहिती फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानाच्या रडार सर्वेक्षणावर आधारित आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे येथील टेकडी नंतर सुरुंगांनी फोडून सपाट करण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. जुन्या उंची-माहितीवर धावपट्टी केवळ चिकटवली तर ती टेकडीच्या अंगावरून चढते.

व्यावसायिक प्रशिक्षणातील अचूकता

वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या पूर्ण उड्डाण सिम्युलेटरांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. त्यांत आकाशातील इतर कंपन्यांचे रंग किंवा वेळापत्रके यांना फारसे महत्त्व नसते. ताफ्याशी जुळणी मात्र तेथे कायद्याने बंधनकारक असते आणि ती कॉकपिटच्या पातळीवर तपासली जाते. विमानाचा उपप्रकार, इंजिन, इशारा देणारी यंत्रणा आणि नियंत्रणांना लागणारे बळ हे सर्व कंपनीच्या विमानासारखेच असावे लागते.

बोईंग ७३७ मॅक्स विमानांवर भारतात मार्च २०१९ मध्ये घातलेली बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठवताना महासंचालनालयाने वैमानिकांना मॅक्सच्याच सिम्युलेटरवर प्रशिक्षण देणे आवश्यक केले. एप्रिल २०२२ मध्ये स्पाइसजेटच्या ९० वैमानिकांना मॅक्स विमाने चालवण्यास मनाई करण्यात आली. त्यांच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरवरील 'स्टिक शेकर' बिघडलेला असल्याचे आढळले होते. विमानाचा वेग धोकादायकरीत्या कमी होऊन त्याची उचल जाण्याची वेळ आली की वैमानिकाच्या हातातील नियंत्रण दांडी जोराने थरथरवणारे हे उपकरण आहे. कंपनीला दहा लाख रुपये दंड झाला आणि संबंधित वैमानिकांना पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागले.