हातात मावणारी मंडई

टोमॅटो, वांगं, कलिंगडाची फोड, अ‍ॅस्परॅगसची जुडी. भाजीच्या पिशवीत शोभणाऱ्या या वस्तू न्यूयॉर्कच्या बड्या मेजवान्यांत स्त्रिया पर्स म्हणून मिरवत. वरून लखलखते खडे, आत सोनेरी चामड्याचं अस्तर आणि सोबत इवलासा कंगवा, आरसा, नाण्यांचं पाकीट. ज्युडिथ लीबर यांच्या या पर्सच्या गमतीदार रूपांचं कौतुक पुष्कळ झालं. पण ती रूपं ज्या कारागिरीवर उभी आहेत, तीच त्यांची खरी कमाई.

ज्युडिथ यांचा जन्म 1921 मध्ये बुडापेस्टच्या एका ज्यू कुटुंबात झाला. मुलीने सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात नाव काढावं म्हणून घरच्यांनी तिला रसायनशास्त्र शिकायला लंडनला धाडलं. महायुद्धाने तो बेत मोडला. मग त्या बुडापेस्टमधल्या पेस्ल या पर्सच्या कारखान्यात उमेदवारीला लागल्या. सुरुवात झाडलोट आणि सरस शिजवण्यापासून! तिथून चढत चढत हंगेरीच्या पर्स-कारागिरांच्या संघात ‘मास्टर’ हा दर्जा मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुढे नाझींचा वरवंटा फिरला. स्वित्झर्लंडच्या संरक्षणाखालच्या इमारतीत आसरा मिळाला, म्हणून त्या वाचल्या.

1946 मध्ये त्यांनी गर्सन ऊर्फ गस लीबर या अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क गाठलं. तिथल्या कारखान्यांत एक जण कापायचा, दुसरा शिवायचा. ज्युडिथ यांना मात्र पहिल्या नमुन्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत अख्खी पर्स एकहाती करता येत होती. 1963 मध्ये दोघांनी स्वतःची कंपनी काढली.

त्यांची सगळ्यात गाजलेली युक्ती अडचणीतून सुचली. 1967 मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळी पर्सचे साचे आले, ते डाग पडलेले. माल फेकून देण्याऐवजी ज्युडिथ यांनी डागांवर खडे बसवले. पुढे याच पद्धतीतून फळं, भाज्या, प्राणी, पक्षी आकाराला आले. आधी मेणाची प्रतिकृती, तिच्यावरून धातूचं कवच, त्यावर रंगवलेली नक्षी आणि मग एकेक खडा हाताने चिकटवायचा. एका पर्सला असे हजारो खडे लागत. टोमॅटोच्या गोलाईवर रांग वाकडी झाली की टोमॅटो बिघडलाच. अशा कामाला नुसती हौस पुरत नाही.

गस चित्रकार होते, त्यामुळे घरात चित्रकलेचा राबता होताच. माँद्रियान, ब्राक, सोनिया डेलोने यांच्या रंग-आकारांचे पडसाद ज्युडिथ यांच्या पर्सवर दिसतात. प्रवासाने कापडं दिली: जपानी किमोनोवरचे ओबी पट्टे, इराणी वस्त्रं आणि आपल्याकडच्या पारशी भरतकामाच्या पट्ट्या. पारशी साडीच्या काठाला लावायची ही ‘कोर’ मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीची. चीनशी चाललेल्या व्यापारातून पारशी घरांत रुजलेली ती नाजूक फुलं-पाखरं पुढे न्यूयॉर्कच्या पर्सवर जाऊन बसली. खड्यांच्या झगमगाटापेक्षा या कापडी पर्स मला जास्त मोलाच्या वाटतात. जुन्या पट्टीचा तुकडा नेमका कुठे कापायचा, हे ठरवताना तिथे कातड्यावर घडलेला हात दिसतो.

या पर्समध्ये मावतं तरी काय, अशी तक्रार नेहमी होई. लिपस्टिक, रुमाल, थोडे पैसे. संध्याकाळच्या समारंभाला एवढं पुरे, ही ज्युडिथ यांची ठाम भूमिका होती. निवृत्तीनंतर त्या आणि गस स्वतःच्याच जुन्या पर्स शोधून, विकत घेऊन परत गोळा करू लागले. 2005 मध्ये ईस्ट हॅम्प्टनच्या स्प्रिंग्ज भागात दोघांनी उभारलेल्या संग्रहालयात या पर्स आणि गस यांची चित्रं शेजारी-शेजारी मांडली गेली. 28 एप्रिल 2018 रोजी, काही तासांच्या अंतराने, दोघांचंही निधन झालं.