ट्रकच्या केबिनमधली फोल्डिंग सायकल

मुलुंडचा जकात नाका २०१७ मध्ये जकातीबरोबरच इतिहासजमा झाला. ट्रकचालकांचे थांबणे मात्र संपलेले नाही. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात मज्जाव असतो. साहजिकच मुलुंड आणि दहिसरच्या वेशीवर बंदीची वेळ टळेपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. पुढे अंधेरीच्या एमआयडीसीत माल उतरवून घेणाऱ्याची पुन्हा वाट पाहायची. हे तास चालक केबिनमध्ये लवंडून किंवा टपरीवरच्या बाकावर काढतो. दिवसभर बसून काम करणारा माणूस विसावाही बसूनच घेतो, आणि त्याच्या प्रकृतीच्या तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे.

बैठ्या कामाचा हृदयाशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राच्या ध्यानात आला, तोही वाहनचालकांमुळेच. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुमजली बसचा चालक आणि वाहक एकाच गाडीत काम करणारे. पण दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले, स्टिअरिंगपुढे बसलेल्या चालकांमध्ये अधिक. मुंबईकरांना हे चित्र परके नाही. अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणाऱ्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर 'बेस्ट'ची जुनी दुमजली बस सप्टेंबर २०२३ पर्यंत धावत होती, आणि तिचा वाहकही असाच वर-खाली करीत असे. मॉरिस यांनी १९५६ मध्ये गणवेशाच्या मापांच्या नोंदीही तपासल्या. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा निघाला, आणि तो तरुण वयापासूनच. तेव्हा सारा दोष आसनाच्या माथी मारता येत नाही, हेही मान्य करावे लागते.

ट्रकचालकाच्या वाट्याला जिना नाही आणि व्यायामशाळाही नाही. आज भिवंडी, उद्या सुरत अशी फिरती असलेल्याने महिन्याची फी कोणत्या गावी भरायची? त्याच्याबरोबर प्रवास करील असेच साधन त्याच्या उपयोगाचे. फोल्डिंग सायकलीचा विचार येतो तो इथे. चालणे फुकटचे आहे आणि तितकेच गुणकारीही, यात वाद नाही. परंतु वजन वाढलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला सायकल अधिक सोसते, कारण शरीराचा भार सीटवर असतो. शिवाय तिच्यावरून कामे होतात. जेवण आणणे, औषधाचे दुकान गाठणे, पंक्चरवाल्याला बोलावणे अशा निमित्ताने घडणारा व्यायाम टिकतो. निव्वळ व्यायाम म्हणून केलेला बहुधा आठवडाभरात सुटतो.

या सायकलीची चौकट मध्यभागी बिजागरीवर दुमडते, हँडल खाली पडते, सीटची दांडी आत सरकते. चाके साधारण १६ ते २० इंची असतात. लहान चाक म्हणजे हळू सायकल हा समज चुकीचा आहे. दातेरी चक्रांची जुळणी त्यानुसार केलेली असते. खरा तोटा वेगळाच. लहान चाक खड्ड्यात सहज बसते, आणि पावसाळ्यातले उपनगरांतले रस्ते कसे असतात हे वाचकांना सांगायला नको. पाण्याने भरलेला खड्डा दिसल्यास उतरून चालणे उत्तम. वजन १०-१४ किलोच्या आसपास भरते. तेवढे ओझे उंच केबिनमध्ये एका झटक्यात ओढून घेतल्यास कंबरेचा व्यायाम नव्हे, घात होईल. ते खालून दुसऱ्याने, म्हणजे क्लीनरने, वर द्यावे. केबिनमध्ये सायकल पट्ट्याने घट्ट बांधलीच पाहिजे, नाहीतर जोराचा ब्रेक लागताच ती चालकाच्याच पाठीत येईल.

किती चालवावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. तो सलगच हवा अशी अट नाही, आणि चालकाच्या दृष्टीने हीच महत्त्वाची गोष्ट आहे. नाक्यावरची पंधरा मिनिटे आणि गोदामाबाहेरची वीस मिनिटेही हिशेबात धरली जातात. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत दम लागला म्हणजे श्रम मध्यम झाले. जेवणानंतर थोड्या वेळाने सावकाश मारलेल्या फेरीने रक्तातली साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, कारण हलते स्नायू ती वापरतात. वजन उतरण्याची अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. अर्ध्या तासाच्या फेरीत जळलेले सारे एका वडापावात परत येऊ शकते. धाब्यावरचे तेल आणि दर थांब्यावरचा गोड चहा तसाच राहिला, तर कमरेचा पट्टा सैल होणार नाही. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरपुढचा कमरेचा घेर धोक्याचा मानतात.

जागेचा प्रश्न उरतोच. पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गावर सायकल घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. मुलुंडमध्ये वस्तीतल्या आतल्या गल्ल्या आणि अंधेरीत एमआयडीसीचे अंतर्गत रस्ते, तेही पहाटे, हे त्यातल्या त्यात बरे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच. आणि झोप अपुरी असेल तर त्या वेळेत झोपावे, सायकल काढू नये. पेंगुळलेला चालक व्यायाम करूनही रस्त्यावर घातकच.

छातीत दुखणे, धाप लागणे किंवा मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालक तो टाळतात, कारण परवान्याची भीती वाटते. व्यावसायिक वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. पण दुर्लक्षित मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडला, की चालकाने तपासणी टाळली होती की नाही हा प्रश्नच उरत नाही. रात्रीची गाडी त्याच्या हातून आपोआप सुटते.