मोरचूद, चुना आणि अर्धवट क्षार

नाशिककडच्या द्राक्षबागेत पानांवर निळसर डाग दिसले, तर समजा बोर्डो हे बुरशीनाशक मारलंय. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. बस्स! नुसतं मोरचुदाचं पाणी मारलं तर पान करपतं, शिवाय पहिल्याच सरीत ते धुऊनही जातं. चुन्याचं दूध पडलं की तेच पानाला असं चिकटतं की पाऊसही हात टेकतो. चुन्यानं असं केलं तरी काय?

उत्तरासाठी आधी आम्लारी (बेस) बघू. आम्लारीत आम्लाला देण्याजोगे जितके हायड्रॉक्सिल, तितकी त्याची आम्लधर्मता. कॉस्टिक सोड्याची एक. तिथे मामला रोखठोक: आम्ल आलं, जागा गेली, क्षार तयार. कॉपर हायड्रॉक्साइडची मात्र दोन. मग काही जागा आम्लानं घेतल्या आणि बाकीच्या तशाच राहिल्या तर? सोयरीक अर्ध्यावर! अंगात आम्लारी शिल्लक असलेला हा क्षार म्हणजे आम्लारिधर्मी क्षार.

बोर्डोतला असाच एक क्षार बघा. मोरचुदातल्या दर चार सल्फेटांपैकी तीन चुना पळवतो, त्यांचं जिप्सम होतं. उरलं एक. तांब्याच्या चार अणूंच्या आठ जागांपैकी दोन त्या एकट्यानं धरल्या, सहांवर हायड्रॉक्सिल येऊन बसले. एवढ्यानं स्वभावच पालटला! मोरचूद पाण्यात झटकन विरघळतो, हा जवळजवळ नाहीच. पानावर ठाण मांडतो, दवात कणाकणानं तांबं सोडतो आणि द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या बुरशीला तेवढं पुरे होतं.

आणि बोर्डोचा शोध लागला कुणामुळे? भुरट्या चोरांमुळे! फ्रान्सच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना शिंपडत, द्राक्षं विषारी दिसावीत म्हणून. १८८२मध्ये मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत आलं की रोगानं बाग झोडपली, पण तेवढ्याच वेली पानांसकट शाबूत आहेत.

न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६मध्ये चक्क तांबूस होता. आजचा त्याचा हिरवा रंग मुख्यत्वे बोर्डोतल्या याच आम्लारिधर्मी क्षाराचा. हवेला त्यासाठी काही दशकं लागली, शेतकऱ्याच्या पिंपात काही मिनिटं.

मिश्रण जमलं का, हे बघायला प्रयोगशाळा नको. लोखंडी विळा क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे; थोडा चुना आणखी घाला.