सॅफोचा पुतळा गेला, चौथरा राहिला

लोकलमध्ये रेंज गेली म्हणून एपिसोड अर्धवट राहिला असेल, तर नेहमीप्रमाणे हा घ्या लिखित भाग. बोलताना जे 'अं, अं' केलं ते काढलंय, बाकी तसंच आहे.

आजची गोष्ट एका चोरीला गेलेल्या पुतळ्याची. पुतळा सॅफोचा. ही ग्रीसमधल्या लेस्बॉस बेटावरची कवयित्री, इ.स.पू. ६०० च्या आसपासची. लायर नावाच्या तंतुवाद्यावर गाणी म्हणायची. ग्रीक लोक नुसतं 'ती कवयित्री' म्हणाले तरी सगळ्यांना कळायचं, सॅफोबद्दल बोलतायत. आज तिची पूर्ण म्हणावी अशी कविता जेमतेम एक उरलीये, बाकी सगळे तुकडे.

पण पुतळा लेस्बॉसमध्ये नव्हता. तो होता सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात. सॅफोला हद्दपार होऊन सिसिलीला जावं लागलं होतं, असं पारोस बेटावरच्या एका जुन्या शिलालेखात आहे. म्हणजे नातं होतंच. ब्राँझचा पुतळा, घडवणारा सिलानियॉन, इ.स.पू. चौथ्या शतकातला अथेन्सचा शिल्पकार. प्लेटोचाही पुतळा त्याने केला होता. सॅफो जाऊन तोवर दोनेकशे वर्षं झालेली, त्यामुळे चेहरा अर्थातच कल्पनेतला. पुतळा ठेवला होता प्रितानेऑनमध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य सरकारी इमारतीत. थोडक्यात, मालक कोण? अख्खं गाव.

मग आला व्हेरेस. इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात सिसिलीचा रोमन गव्हर्नर. देवळांतल्या मूर्ती, लोकांच्या घरातली चांदीची भांडी, जे आवडेल ते उचलायचा. सॅफोही उचलली. वर सिराक्यूजच्या सिनेटच्या सभागृहात स्वतःचा सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा बसवून घेतला, शेजारी मुलाचा. तीच सिनेट त्याच्या कौतुकाचा ठराव करून बसली होती. का केला असेल, ते सांगायला नको.

सिसिलीच्या लोकांनी वकील गाठला, सिसेरो. वय ३६. काही वर्षांपूर्वी तो त्याच बेटावर अधिकारी होता, त्यामुळे ओळख होती. पुरावे गोळा करायला त्याने ११० दिवस मागून घेतले आणि ५० दिवसांत बेट पालथं घातलं. सिराक्यूजकडून त्याला फारशी आशा नव्हती, त्या ठरावामुळे. पण तिथल्या लोकांनी खजिन्याच्या आतल्या खोलीतून वह्या बाहेर काढल्या. काय काय नेलं, सगळं नोंदवून ठेवलेलं! तोंडावर कौतुकाचा ठराव आणि आत गुपचूप हिशेब. मला ही माणसं भारी आवडली.

आता चौथऱ्याकडे येऊ. पुतळा गेला, पण खालचा चौथरा तिथेच राहिला, आणि त्यावर एक प्रसिद्ध ग्रीक कविता कोरलेली होती. सिसेरो टोमणा मारतो, की कलेचा एवढा जाणकार म्हणवणाऱ्या या गृहस्थाला चार अक्षरं ग्रीक येत असती, तर त्याने चौथराही नेला असता. कारण वर काय होतं आणि आता काय नाही, ते तो चौथराच सांगतोय. आमच्या भाषेत सांगायचं तर पठ्ठ्याने फाइल डिलीट केली आणि लॉग तसाच ठेवला.

सिराक्यूजच्या गाइड लोकांचीही तीच गत. पूर्वी ते पाहुण्यांना दाखवायचे, इथे हे आहे, तिथे ते आहे. आता दाखवतात, इथून हे नेलं, तिथून ते नेलं.

सिसेरोचा खरा मुद्दा मला इथे दिसतो. रोममध्येही सुंदर पुतळे होते, पण देवळांत आणि सार्वजनिक ठिकाणी. साधा माणूस चालत जाऊन बघू शकायचा. सिराक्यूजची सॅफो मात्र एका श्रीमंताच्या संग्रहात गेली. ती बघायची, तर त्याने बोलवायला हवं. किंमत किती हा प्रश्न त्यानंतरचा.

एक सांगून ठेवतो, हे सगळं आपण फिर्यादी वकिलाच्या तोंडून ऐकतोय. तो तिखटमीठ लावणारच. शिवाय सॅफोचा हा भाग कोर्टात बोललाच गेला नाही. इ.स.पू. ७० मध्ये खटला उभा राहिला, सुरुवातीचेच पुरावे ऐकून व्हेरेस मसालियाला, म्हणजे आजच्या मार्सेलला, पळून गेला. उरलेली भाषणं सिसेरोने लिहून प्रसिद्ध केली. या पुतळ्याबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, ते बहुतेक तिथूनच.

पुढे? इ.स.पू. ४३ मध्ये अँटनीने ज्यांना ठार मारायचं त्यांची यादी काढली. त्यात सिसेरो होता. आणि प्लिनी सांगतो, व्हेरेसही होता, कारण त्याने आपली कॉरिंथची ब्राँझची भांडी अँटनीला द्यायला नकार दिला.

सॅफोचा तो पुतळा अजून सापडलेला नाही. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.