वाटीभर डाळीचा प्रश्न

लखनौच्या चौकात वाढलेल्या माणसाला जेवणातला संयम शिकवणे सोपे नाही. थंडीत सकाळी निहारी-कुलचा आणि मक्खन-मलाई, लग्नसराईत शीरमाल, उन्हाळ्यात मलिहाबादचा दशहरी आंबा. माझी पन्नास वर्षे याच क्रमाने गेली. मग एका तपासणीत एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.८ आला. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि विचारले, “जेवताना रोट्या किती खाता?” मी त्या कधी मोजल्याच नव्हत्या.

मिठाई सोडली की पथ्य संपले, असा आपला समज असतो. गव्हाची रोटी आणि भात यांचीही शेवटी साखरच होते, हे मात्र आपण विसरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडियाब अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. याच अभ्यासातील १८,०९० प्रौढांच्या आहारावरून तज्ज्ञांनी २०२२ मध्ये काढलेला निष्कर्ष असा : मधुमेह नुकताच जडला असेल तर तो आटोक्यात आणण्यासाठी कर्बोदके ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास न्यावीत.

माझ्या घरी हे फार अवघड गेले नाही. चार रोट्यांच्या दोन झाल्या, त्याही जव आणि हरभऱ्याचे पीठ मिसळलेल्या. माझी आजी तशाच करीत असे. डाळ दुप्पट झाली, जेवणाआधी काकडी-मुळा आला आणि रात्री गोमतीकाठी फेरी सुरू झाली. सहा महिन्यांनी आकडा ६.४ वर उतरला. औषध मी स्वतःच्या मनाने बंद केले नाही; कोणीही करू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना एकाएकी अन्न कमी केले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

त्याच सुमारास आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाही मधुमेह निघाला. त्यांच्या डॉक्टरांनीही तोच सल्ला दिला. त्या मला म्हणाल्या, “भैया, डाळ खा म्हणतात, पण कोट्यावर तर गहू-तांदूळच मिळतो.” रेशन दुकानाला इकडे कोटा म्हणतात. माझे पथ्य त्यांच्याच हातून शिजत होते आणि त्यांच्या स्वतःच्या घरी ते परवडत नव्हते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाबच्या आकड्यांनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, तर उत्तर प्रदेशात ४.८ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक देशात सरासरी १५.३ टक्के असताना उत्तर प्रदेशात ते १८ टक्के आहेत. श्रीमंतांचा म्हणून ओळखला जाणारा हा आजार आता गरिबांच्या दारापर्यंत आला आहे.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याने भूक हटवली, हे मी लखनौच्या वस्त्यांतून पाहिले आहे आणि ते उपकार लहान नाहीत. आज सुमारे ८० कोटी लोकांना मोफत धान्य मिळते; प्राधान्य कुटुंबांत माणशी महिन्याला ५ किलो. पण पोट भरणे आणि पोषण होणे यांत अंतर आहे. कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे; डाळीची नाही. तरीही २०२० मध्ये, साथीच्या काळात, केंद्राने कुटुंबामागे महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा काही महिने दिला होता. म्हणजे हे अशक्य नाही.

सरकारी दवाखान्यात तपासणी होते, गोळ्याही मिळतात. त्याच सरकारच्या दुकानातून त्या गोळीला साथ देणारे अन्नही मिळायला हवे. नाहीतर आपण एका हाताने गहू आणि दुसऱ्या हाताने गोळी देत राहू.

बाई आता स्वतःसाठी हरभरे भिजवून आणतात आणि आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खातात. मी त्यांना बसायला सांगतो आणि डाळीची वाटी पुढे करतो. एका घरापुरते एवढे करता येते. ८० कोटींसाठी ते धोरणच करू शकेल.