जनुक सापडलं, मग इलाज कुठे अडतो?

पीएच.डी.चा आराखडा लिहिताना जीन थेरपीबद्दल एक वाक्य ठरलेलं असतं: ‘योग्य जनुक देऊन आजार बरा करता येतो.’ वाक्य चुकीचं नाही. पण त्यातला ‘देऊन’ हा शब्द म्हणजेच सगळं संशोधन आहे. कुठल्या पेशीला देऊन? आणि कसं देऊन? दोन आजार शेजारी ठेवून बघू.

पहिला सिस्टिक फायब्रोसिस. यात सीएफटीआर हे जनुक बिघडतं. पेशीतून क्लोराइड बाहेर जाण्याची वाट या जनुकामुळे तयार होते. ती वाट बंद पडली की फुफ्फुसातला चिकट द्राव घट्ट होतो आणि जंतू तिथेच मुक्काम ठोकतात. जनुक १९८९ मध्ये सापडलं आणि १९९३ मध्ये माणसांवर चाचण्याही सुरू झाल्या. फक्त चार वर्षांत! पण बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही, अशीच श्वासमार्गाची रचना असते. जनुक वाहून नेणारा विषाणू त्या चिकट थरात अडकतो. आत पोहोचलाच तर शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि पुढचा डोस निकामी होऊ शकतो. तिथल्या पेशी सतत बदलत असल्यामुळे डोस तर पुन्हा द्यावाच लागतो.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या एरिक आल्टन यांच्या गटाने म्हणून विषाणू टाळला. जनुक चरबीच्या कणांत गुंडाळून नेब्युलायझरने दिलं, दर महिन्याला, वर्षभर. २०१५ मध्ये निकाल आला. फुफ्फुसाच्या क्षमतेत प्लासिबोच्या तुलनेत ३.७ टक्के फरक, आणि तोही मुख्यतः घसरण थांबल्यामुळे. हा आकडा किरकोळ म्हणून उडवून लावणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तो फार प्रामाणिक वाटतो, कारण जनुक पोहोचतंय पण पुरेसं नाही, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

दुसरा आजार आपल्या जवळचा, सिकलसेल. हदगावहून किनवट-माहूरकडच्या आदिवासी गावांत गेलात तर या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक होते आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. इथे मोठी सोय अशी, की रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी शरीराबाहेर काढता येतात, प्रयोगशाळेत दुरुस्त करून परत देता येतात. फुफ्फुस असं बाहेर काढता येत नाही!

गंमत म्हणजे अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्य झालेल्या क्रिस्पर उपचारात ती चूक दुरुस्त करतच नाहीत. बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. जन्मानंतर बीसीएल११ए हे जनुक त्याला ब्रेक लावतं. क्रिस्परने तो ब्रेक सैल करतात. पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही. किंमत मात्र सुमारे २२ लाख डॉलर, आणि आधी जुन्या मूळ पेशी मारायला केमोथेरपी. तिच्यामुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.

आता नागपूरला या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलचा तीव्र त्रास असलेल्या मुलांना हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं औषध कमी आणि ठरावीक डोसमध्ये दिलं, रोज किलोमागे १० मिलिग्रॅम. २०१२ मध्ये छापलेल्या या चाचणीत वेदनेचे झटके खूपच कमी झाले. हे औषधही तेच बाळाचं हिमोग्लोबिन वाढवतं. म्हणजे निशाण एकच. एकीकडे कोट्यवधींची क्रिस्पर, दुसरीकडे रोजचं साधं औषध. ते आयुष्यभर घ्यावं लागतं, रक्त तपासत राहावं लागतं, आणि आजार मुळातून जात नाही, हेही खरं. पण डोस ठरावीक असला की तो वाढवत नेण्यासाठीच्या फेऱ्या वाचतात, आणि हेही ‘देऊन’ याच प्रश्नाचं उत्तर आहे. आराखड्यात ते लिहिणारे कमी भेटतात.

या विषयात काम करायचं असेल तर मोकळी जागा इथे आहे: पेशी बाहेर न काढता, केमो न देता, नुसत्या इंजेक्शनने क्रिस्पर अस्थिमज्जेपर्यंत न्यायची. चरबीचे कण शिरेतून दिले की बहुतेक यकृतात जाऊन बसतात. त्यांना तिथून वळवून मज्जेतल्या मूळ पेशींकडे कसं पाठवायचं, यावर सध्या अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे.