पाणी मिठामागून जातं

मागच्या वेळी आपण पेशीपटल पाहिलं. आज पाणी त्यातून कसं जातं ते बघू. पाणी ओढणारा पंप पेशीत नसतो. पटलातून मीठ, साखर सहज जात नाही, पाणी जातं. आणि जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे जातं. हेच परासरण. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, ते यामुळेच.

आता कॉलरा घेऊ. त्याच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहतात; सोडियम आणि पाणी त्यामागे जातं. काही तासांत माणूस दगावू शकतो. नुसतं पाणी पाजून भागत नाही. पण ग्लुकोज आणि सोडियमला एकत्र आत घेणारं दार शाबूत असतं. ही जोडी आत गेली की पाणी मागोमाग येतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं.

म्हणून आपण घरी करताना माप पाळायचं: उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर जास्त झाली, तर कणांची गर्दी आतड्यात होते, पाणी उलट तिकडेच ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.